सगळे कलेक्टर आणि एक बैल

उत्तराताई टिपणीस कुणाला 'तू' म्हणत नसत आणि 'तुम्ही'ही म्हणत नसत. त्या 'आपण' म्हणत. पोराचं नाक वाहू लागलं की, "आपण नाक पुसू या हं." पोरगं भोकाड पसरून बसलं की, "आपण आता रडणं थांबवू या." या 'आपण'मध्ये उत्तराताई स्वतः कधीच नसत, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. दुधवाल्या भय्यालाही त्या दारातच सांगत, "भय्याजी, कल से आपण पानी कम डालेंगे." भय्या बिचारा दचकून मागेपुढे बघे. या धंद्यात बाई कधीपासून भागीदार झाल्या, हे त्याला कळत नसे.

वय तिशीला टेकलेलं. लग्न राहून गेलेलं. 'राहून गेलं' हे आळीचं म्हणणं. ताईंचं म्हणणं, "आपण तो विचारच केला नाही." मुंबईला जाऊन त्या बालशिक्षणाचा वर्षाचा अभ्यासक्रम करून आलेल्या. येताना एक खादीची झोळी आणि 'सहकार' हा शब्द घेऊन आल्या. झोळी खांद्यावर असे, सहकार जिभेवर. दोन्ही झोपतानाच काय ते खाली ठेवत असतील.

टेंभी नाक्यापासून हाकेच्या अंतरावरच्या त्या आळीत एक उत्कर्ष मंडळ होतं, आणि मंडळाचा एक हॉल होता. हॉल म्हणायचं ते आपलं मंडळाच्या समाधानासाठी. पूर्वी तो घोड्यांचा तबेला होता, आणि हवा दमट असली की जुने रहिवासी अजून नाकाला जाणवत. त्या हॉलात रोज सकाळी ताईंचा बालवर्ग भरे. आळीतली तीन ते सहा वर्षांची पोरं. बहुतेकांचे बाप निरनिराळ्या कचेऱ्यांत कारकून, एखादा रेल्वेत, एखादा गिरणीच्या हापिसात. आणि एक मधु, महिपत टांगेवाल्याचा. त्याला ताईंनी आपणहून वर्गात घेतलेलं, आणि ही गोष्ट त्या दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत.

वर्गात ताई मुंग्यांची गोष्ट सांगत. फार आवडती गोष्ट त्यांची. डोळे मिटून, मान डोलावून, शब्दाशब्दाला मध लावून सांगत.

"एक मुंगी आली. तिला साखरेचा दाणा सापडला. तिला तो उचलेना. मग दुसरी मुंगी आली, तिसरी आली. सगळ्या मुंग्यांनी मिळून दाणा उचलला. कुणी कुणाला हुकूम केला का? नाही! मग आपण काय शिकलो?"

हेडक्लार्क श्रीपादरावांचा सुधीर पाच वर्षांचा. त्याने बोट वर केलं. "मुंग्यांची ताई कुठे बसलेली?"

"मुंग्यांना ताई नसते, सुधीर."

"मग त्यांना कसं कळलं, आता उचलायचा?"

"आपण मध्ये मध्ये प्रश्न विचारू नये हं," ताई म्हणाल्या.

असा सगळा सहकार सुखात चालला होता. मग सन चोपन्न संपता संपता एका सकाळी मंडळाचे चिटणीस भाऊ कर्णिक हॉलात आले आणि टोपी काढून पुन्हा घातली. भाऊंनी असं केलं की काहीतरी वाईट ऐकायला मिळणार, हे ठरलेलं.

"असं आहे, उत्तराताई," भाऊ म्हणाले, "मी वैयक्तिक तुमच्या बाजूचा आहे. शंभर टक्के. पण मंडळ!"

मंडळ म्हणजे खुद्द भाऊ, आणि भाऊ बोलताना मान हलवणारे आणखी चौघे. पण भाऊ 'मंडळ' असं म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, आतल्या खोलीत कुणी उग्र दाढीवाला ऋषी बसलाय आणि हे फक्त त्याचा निरोप घेऊन बाहेर आलेत.

"मंडळाचं काय?"

"मंडळ विचारतं, फळ काय? मुलं येतात, गाणी म्हणतात, जातात. आता कॅरमचंच बघा. तरुण पिढी जागेसाठी तळमळतेय. कॅरम म्हटलं की कसं, स्पर्धा दिसते, बक्षीस दिसतं. सहकार दिसत नाही हो!"

"आपण दिसण्यावर जाऊ नये, भाऊ."

"मी नाही जात. मंडळ जातं. तर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आहे, शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब पाहुणे म्हणून यायचेत. त्यांच्यासमोर मुलांचं काहीतरी होऊ द्या. साहेबांनी मान डोलावली तर हॉल तुमचा. नाही डोलावली..." भाऊंनी टिचकीने एक अदृश्य सोंगटी कोपऱ्यात घातली.

त्या टिचकीची धास्ती ताईंना का वाटली, तेही सांगायला हवं. अकोल्याला त्यांचा मोठा भाऊ होता. त्याला चार मुलं होती, पाचवं वाटेवर होतं, आणि तो दर सुट्टीत येऊन म्हणे, "उत्तरे, इथे लोकांची पोरं सांभाळतेस ती तिकडे घरची सांभाळ की!" ताईंना बालकांबद्दल अपार प्रेम होतं. पण ते सकाळी आठ ते दहा. दहानंतर बालकं आपापल्या घरी जातात, हाच त्या प्रेमाचा पाया होता. वर्ग बंद पडला तर अकोला, आणि अकोल्याला दहा कधी वाजतच नाहीत.

तेव्हा ताईंनी कंबर कसली. कार्यक्रमाचं नाव ठेवलं, 'आपलं गाव'. गावात न्हावी, धोबी, कुंभार, चांभार, झाडूवाली, पोस्टमन, सगळे आपापलं काम करताहेत. तेवढ्यात एक बैलगाडी चिखलात रुतते. बैल हंबरतो. सगळे हातातलं काम टाकून धावतात, मिळून गाडी ढकलतात, गाडी निघते, टाळ्या. गाडी म्हणून कोळशाच्या वखारीतली हातगाडी आणायची. दिपोटीसाहेबांना सहकार नुसता दिसणार नाही, डोळ्यांत जाईल.

"तर कोण कोण काय होणार?" ताईंनी वर्गात विचारलं.

"मी बैल!" सुधीर ओरडला.

"मी बैल!"

"मी पण बैल!"

"ताई, मी आधी म्हटलेलं, मी बैल!" ही हेमा, रेल्वेतल्या प्रधानांची.

सगळ्या वर्गाला बैल व्हायचं होतं. हंबरायला मिळतं, डोकं हलवायला मिळतं, शिंगं मिळतात. ताईंना वाईट वाटलं. बैल हा समाजाचा घटक नाही, असं त्यांनी समजावून पाहिलं. शेवटी बैल त्यांनी मधुला दिला. मधुच का? त्याच्या पोटऱ्या मजबूत आहेत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. टांगेवाल्याचा मुलगा आणि बैल, हे दोन शब्द मनात शेजारी कसे आले, याकडे त्यांनी बघितलंच नाही. खरं तर बैल दोन ठरले होते, पण दुसऱ्या बैलाला डांग्या खोकला झाला आणि गाडी एकबैली राहिली.

मधुने घरी जाऊन सांगितलं तेव्हा महिपत टांग्याला तेल देत होता. "बैल? बेस झालं," तो म्हणाला. "घोडा नको व्हऊस फकस्त. घोड्याचे लय हाल."

सबंध आळीत आपल्या पोराच्या कामावर खूष असलेला तेवढा एकच बाप. बाकीच्यांची रांग त्याच संध्याकाळपासून ताईंच्या दारात लागली.

पहिले श्रीपादराव. घरातही ते कचेरीच्या भाषेतच बोलत. मागे मंदाकिनीबाई, पदर सावरत.

"सदर बाबतीत," श्रीपादराव म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना न्हावी नेमल्याचं समजतं."

"हो. सुधीरचे हात फार नाजूक आहेत."

"आमची जातिभेदाला हरकत नाही. म्हणजे, जातिभेद नसण्याला हरकत नाही. आम्ही पुरोगामी आहोत. फक्त सुधीरने केस कापायचे नाहीत."

"अहो, खोटे खोटे कापायचेत."

"खोटे कापले तरी माझ्या कचेरीतले लोक खरे हसतील. उद्या मला कुणी विचारलं, काय रावसाहेब, चिरंजीव दाढीचे काय घेतात, तर मी काय उत्तर सादर करू?"

"आपण विचार करू या," ताई म्हणाल्या.

श्रीपादराव निघून गेले ते आपलं म्हणणं मंजूर झालं असं धरूनच. त्यांच्या कचेरीत 'विचार करू' म्हटलं की माणूस खूष होऊन उठून जायचा, एवढंच त्यांना माहीत.

मग हेमाची आजी आली. ती उंबऱ्यावरच बसली.

"काय गं उत्तरा, आमची हेमा चारचौघांत केर काढणार?"

"आजी, घरी काढते ना ती?"

"घरी काढते ते वळण. चारचौघांत काढला की बोभाटा. उद्या तिला बघायला आले नि म्हणाले, ही ती झाडूवाली का?"

"आजी, ती चार वर्षांची आहे."

"बघता बघता वाढतात पोरी. तुझंच बघ."

ताईंनी झोळी खांद्यावर ओढून घेतली. "आपण विचार करू या," एवढंच त्या म्हणाल्या. धोब्याची आई आली, कुंभाराचे काका आले, चांभाराच्या घरून तर सगळं कुटुंबच आलं, आजोबांना पुढे घालून. पोस्टमनच्या वडिलांना पोस्टमन चालत होता, पण पोस्टमास्तर केलात तर बरं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ताई तेच म्हणाल्या, आणि सगळे समाधानाने घरी गेले. ताईंनाही समाधान वाटलं. लोक किती समजूतदार, नुसत्या गोड बोलण्याने वळतात! रोजच्या तालमीत पोरं न्हावी-धोबी होऊन मजेत खेळत होती. ताईंना आणखी काय हवं?

इकडे धोंडीबा शिंप्याच्या दुकानात निराळीच तालीम चाललेली. श्रीपादराव सुधीरचं माप द्यायला गेले आणि कानात म्हणाले, "कोट. कलेक्टरचा. गवगवा नको." दुसऱ्या दिवशी चांभाराचे वडील आले, तेही कानाशीच. मग धोब्याचे वडील, मग कुंभाराचे. धोंडीबाने तपकिरी कापडाच्या एकाच ताग्यातून सगळे कोट बेतले आणि एकेकाला छातीला हात लावून सांगितलं, "रावसाहेब, असा कोट सगळ्या ठाण्यात दुसरा निघाला, तर कात्री ठेवीन खाली." धोंडीबाने खाली काहीही ठेवलं नाही. जो तो आपल्याच पोराचा कोट बघून आलेला, त्यामुळे जो तो खूष.

सव्वीस जानेवारीची सकाळ. मंडळाच्या अंगणात बांबूंवर चांदवा ताणलेला, खाली खुर्च्या. पुढच्या रांगेत दिपोटीसाहेब, गालात पान, हातात छडी. भाऊंचं भाषण चालू. "मंडळाच्या वतीने, मंडळाच्या दृष्टीने, मंडळाच्या इतिहासात..." भाऊ एकेका 'मंडळा'ला असे थांबत, जसा टांगा चढावर थांबतो.

ताई मागच्या पडद्याआड मुलांची वाट बघत होत्या. हातात न्हाव्याची धोकटी, झाडू, पोस्टाची थैली. पहिला आला सुधीर. तपकिरी कोट, टाय, डोक्यावर बापाची सोला हॅट. हॅट नाकावर येत होती म्हणून तो मान मागे टाकून चालत होता. त्यामुळे तर तो फारच वरचा अधिकारी वाटत होता.

"सुधीर! आपण न्हावी आहोत ना?"

"बाबा म्हणाले, मी कलेक्टर आहे. न्हाव्याला बंगल्यावर बोलावायचं असतं."

मागून धोबी आला. तपकिरी कोट, सोला हॅट. कुंभार आला. तपकिरी कोट. चांभार आला, त्याच्या कोटाला वर एक पदकही. पोस्टमन पोस्टमास्तरही नव्हता, तडक कलेक्टर झाला होता. कलेक्टरांनी पडद्यामागची जागा भरून गेली. हेमा आली ती हातात पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत आईच्या उंच टाचांच्या चपला.

"तू कोण गं?" घाईत ताईंच्या तोंडून चक्क 'तू' गेला.

"मी कलेक्टरीणबाई. कुणाची ते आजीने सांगितलं नाही."

शेवटी मधु आला. पुठ्ठ्याची शिंगं, गळ्यात टांग्याच्या घोड्याची खरी घुंगरं. "ताई, मी बैलच हाय ना अजून?"

ताईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण बाहेर भाऊंनी शेवटचं 'मंडळ' म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि पडदा ओढणाऱ्या माणसाने पडदा ओढला.

अंगणात वखारीतली हातगाडी, तिला जुंपलेला बैल, आणि एका बाजूला ओळीने उभे सगळे तपकिरी कलेक्टर.  मग खुर्च्यांतून एक विचित्र आवाज आला. सगळ्या बापांनी एकाच वेळी श्वास ओढून घेतला होता. जो तो शेजाऱ्याकडे रागाने बघू लागला, की यांनी आमचं चोरलं.

ताईंनी धीर केला. आवाज चढवून म्हणाल्या, "हे आपलं गाव! इथे निरनिराळे लोक..." इथे त्या अडखळल्या. "इथे लोक राहतात. एक गाडी चिखलात रुतली आहे. आता मदतीला कोण कोण धावून येतं, बघू या!"

"हम्मा!" मधु मनापासून हंबरला.

सुधीरला ठाऊक होतं की पहिला आपण धावायचं. पण कलेक्टर धावत नाहीत, असं बाबांनी सांगितलेलं. तो हळूहळू गेला. बापांनी पोरांना 'मी ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर आहे' एवढंच एक वाक्य शिकवलं होतं. पुढे कलेक्टर काय बोलतो? ते बापांनाच कुठे ठाऊक! पण दर रविवारी घरच्या ओटीवर गरजू लोक येतात, बाबा पंचा खांद्यावर टाकून त्यांच्याशी बोलतात, ते सुधीरने दाराआडून ऐकलं होतं. त्याने पोट पुढे काढलं, घसा साफ केला, आणि थेट श्रीपादरावांच्या आवाजात म्हणाला, "सदर बाबतीत अर्ज आणलाय का?"

मधु गोंधळला. तालमीत हे नव्हतं. पण मागे हटणाऱ्यातला तो नव्हता. "मी बैल हाय. मला लिवता येत न्हाय."

"मग अंगठा उठव."

मधुने आपल्या हातांकडे बघितलं. महिपतने त्यांना काळे मोजे चढवून खूर केले होते. "बैलाला अंगठा नसतो."

"मग सोमवारी ये," सुधीर म्हणाला आणि हॅट सावरत परत गेला.

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. श्रीपादरावांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यात तोंड घातलं.

दुसरा कलेक्टर गेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाकडे वाकून बघितलं, नाक खाजवलं. "हे माझ्या टेबलाचं काम नाही. पलीकडच्या टेबलावर जा."

"गाडी घिऊन?"

"गाडी इथेच राहू दे. फक्त तू जा."

तिसऱ्याने लांबूनच हात हलवला. "साहेब जेवायला गेलेत."

"तूच साहेब हायस ना?"

"हो. मी जेवायला गेलोय."

आता हसू आवरेना. मजा अशी, की प्रत्येक बाप दुसऱ्याच्या पोराला मांडी थोपटून हसत होता आणि आपल्या पोराची पाळी आली की एकदम खाली वाकून चपलेचा अंगठा शोधत होता. चौथा म्हणाला, "वरून मंजुरी यायचीय." पाचवा म्हणाला, "तुझं काम झालंच म्हणून समज," आणि पाठ फिरवून निघून गेला. तेव्हा रेल्वेतले प्रधान इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या ठसक्यातच हेमा टॉक टॉक करत पुढे गेली आणि बैलाला म्हणाली, "ते पूजेला बसलेत. ओटीवर थांबा. चहा नाही मिळणार."

ताई पडद्याच्या कडेला उभ्या राहून सारख्या हातवारे करत होत्या, ढकला, ढकला! कलेक्टरांना वाटलं, ताई बोलवताहेत, म्हणून त्यांनीही हात हलवले.

शेवटी बैल वैतागला. त्याचं पोरपण त्याला सांगत होतं की हा खेळ भिकार आहे. त्याने शिंगं कपाळावर मागे सरकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ए सुध्या! ढकलतोस का जाऊ मी घरी?"

जादू व्हावी तसं झालं. बैल घरी गेला तर सगळंच संपलं! सुधीरने हॅट फेकली. बाकीच्या हॅटी मागोमाग उडाल्या. कलेक्टरीणबाईंनी चपला काढून पर्समध्ये कोंबायचा प्रयत्न केला, नाही गेल्या, मग तिथेच टाकल्या. सगळं जिल्हा प्रशासन गाडीच्या मागे लागलं. "हय्या! हय्या! हय्या!" कोळशाच्या भुकटीने तपकिरी कोट काळे झाले. मधु पुढून ओढतोय, बाकीचे मागून रेटताहेत, कुणी कुणाला हुकूम करत नाहीये. ताईंच्या अंगावर काटा आला. हेच ते! हेच त्या वर्षभर डोळे मिटून सांगत होत्या!

फक्त थांबायचं कुठे, ते तालमीत कुणी शिकवलं नव्हतं. गाडी अंगणाच्या उतारावर आली, मधु चपळाईने बाजूला झाला, आणि गाडी एकटीच धावत जाऊन चांदव्याच्या पुढच्या बांबूवर आदळली. बांबू वाकला. मग दुसरा. मग सबंध चांदवा पाहुण्यांसकट, मंडळासकट, पालकांसकट सगळ्यांवर अलगद बसला.

आता बाहेर पोरं आणि आत मोठी माणसं. आतून आवाज येत होते.

"कुणीतरी बांबू उचला!"

"श्रीपादराव, तुमच्या बाजूलाच आहे बघा."

"माझ्या बाजूला नाही, तो तुमच्याकडे येतो."

"अहो, मी चिटणीस आहे! मला आधी बाहेर काढा!"

"माझ्या पायावर कोण उभंय?"

"आधी कुणीतरी एकाने ठरवा, मग उचलू!"

आत कोण कुठला बांबू उचलणार याची चर्चा होईपर्यंत बाहेर पोरांना नवा खेळ दिसला. सगळ्यांनी चांदव्याची एक कड धरली आणि पुन्हा 'हय्या' केलं. चांदवा सरसर ओढला गेला. त्याबरोबर तीन-चार टोप्या आणि हेमाच्या आजीची शालही गेली. खालची मंडळी उन्हात डोळे मिचकावत उघडी पडली. आपल्याला कुणी सोडवलं, हे त्यांच्यातल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. सगळे चपला शोधत होते. ताईंनी ते पाहिलं. सांगायला त्या पुढेही झाल्या, "बघा, आपण सगळ्यांनी मिळून..." पण ऐकायला जागेवर कुणी नव्हतं.

दिपोटीसाहेबांच्या सदऱ्यावर पानाचा रंग सांडला होता. भाऊंनी त्यांच्यापुढे हात जोडले. साहेब छडी शोधत म्हणाले, "मुलांचं निरीक्षण उत्तम आहे. शेरा यथावकाश कळवू." आणि ते गेले. मान त्यांनी डोलावली नाही. मान अवघडली होती.

संध्याकाळी भाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली. "उत्तराताई, मी वैयक्तिक पोट धरून हसलो. पण मंडळाच्या भावना दुखावल्या. श्रीपादराव तर म्हणतात, ताईंनीच पोरांना शिकवून आमची बेअब्रू केली."

"मी? भाऊ, मी न्हावी शिकवलेला!"

"तेच तर. न्हावी शिकवलात नि कलेक्टर निघाला. म्हणजे शिकवण्यात काहीतरी चुकतंय. सोमवारपासून कॅरम."

ताईंनी ट्रंक बाहेर काढली. घरी त्यांच्या म्हाताऱ्या आईने अकोल्याला न्यायला मेतकूट करायला घेतलं. सोमवारी हॉलात कॅरमबोर्ड आला, आणि तरुण पिढी सोंगट्यांवर पावडर टाकू लागली.

पण सोमवारी पोरंही घरी राहिली.

"सुधीर, पाट मांड रे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"अर्ज आणलाय का?"

"सुधीर!"

"हे माझ्या टेबलाचं काम नाही."

मंदाकिनीबाईंनी धपाटा घातला. सुधीर रडला, पण मग रडत रडत 'वरून मंजुरी' मागू लागला. शेजारी हेमाने आजीला 'ओटीवर थांबा' म्हणून कडी लावून घेतली. पलीकडे कुंभार दूध पीत नव्हता, कारण तो जेवायला गेला होता. त्या प्रयोगाला हसू मिळालेलं, टाळ्या मिळालेल्या. असं नाटक कोण सोडतं? पुढच्या रविवारी तर कहर झाला. श्रीपादराव आत दाढी करत होते. ओटीवर गावाकडचा एक म्हातारा आला. सुधीरने तो तपकिरी कोट चढवला आणि बाहेर जाऊन बापाच्या आवाजात त्याला इतकं व्यवस्थित वाटेला लावलं, की म्हातारा हात जोडून परत गेला. श्रीपादरावांच्या गालाला वस्तऱ्याने कापलं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, नळावर बायका जमल्या. सभा नाही, अध्यक्ष नाही, ठराव नाही. मंदाकिनीबाई नुसत्या म्हणाल्या, "माझा तर पिच्छा पुरवलाय बाई मेल्याने," आणि हेमाची आई म्हणाली, "चला." घागरी तशाच नळाखाली राहिल्या. प्रत्येकीने आपापलं कार्टं बखोटीला धरलं, सगळ्या मिळून हॉलात गेल्या, आणि कॅरमबोर्डाभोवती पोरं सोडून दिली.

"भाऊ," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "जागा तुमची, तर मुलंही तुमची. दहाला घ्यायला येतो."

"अहो वहिनी, मी वैयक्तिक..." भाऊंचं वाक्य पुरं होईपर्यंत बायका निघूनही गेल्या होत्या.

पुढे हॉलात काय झालं ते तरुण पिढीने कधी नीट सांगितलं नाही. स्ट्रायकर हेमाच्या तोंडातून निघाला, एवढं नक्की. मधु बोर्डाखाली जाऊन बैल झाला आणि उठला. पावडर बहुतेक भाऊंच्या टोपीत गेली. दहा वाजायच्या आधीच भाऊ ताईंच्या दारात उभे. या वेळी त्यांनी टोपी काढली ती पुन्हा घातली नाही, कारण ती घालण्यासारखी राहिली नव्हती.

"चला," ते म्हणाले. मंडळाचं नावही काढलं नाही.

ताई पदर खोचून तरातरा निघाल्या. मनात एकच विचार. पटलं! अखेर लोकांना समूहजीवनाचं महत्त्व पटलं! वाटेत नळावर मंदाकिनीबाई भेटल्या. ताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी.

"आपण सगळ्या एक झालात! सहकाराचा केवढा हा..."

"अहो ताई," मंदाकिनीबाई हात सोडवून घागर विसळत म्हणाल्या, "सहकार-बिहकार तुमचा तुमच्यापाशी. आम्हाला सकाळी दोन तास पोरं घरात नकोत. बास. आणि त्या सुध्याला न्हावी करा, नाहीतर हमाल करा, पण त्याच्या बापाचा आवाज त्याच्या तोंडून काढू नका. एक पुरे आहे घरात."

नळावरच्या बायका खिदळल्या. ताईंचं तोंड एवढंसं झालं.  मग हॉलातून कुणाची तरी किंकाळी ऐकू आली, मागोमाग सोंगट्या सांडल्याचा आवाज, आणि त्या धावत सुटल्या.

दुपारी त्यांनी ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवली, आणि आईकडून अकोल्याला निरोप धाडला. उत्तराला इथून हलता येत नाही, समाजाला तिची गरज आहे. त्या वेळी तो समाज नळावर घागरी पालथ्या घालून त्यांवर ऐसपैस बसला होता, आणि घरी कुणीच वाट बघत नसल्यासारखा गप्पा मारत होता.